पोत्यातला नमुना

शस्त्रक्रिया सोडून मी कर्करोगाच्या संशोधनाकडे वळलो, तेव्हा नांदेडच्या सहकाऱ्यांनी विचारलं, हात थरथरायला लागले का? हात शाबूत होते. मिसरी आणि तंबाखूनं पोखरलेले जबडे कापण्याचाच वीट आला होता. एकीला हा रोग होतो आणि शेजारी बसून तीच मिसरी लावणाऱ्या दुसरीला का होत नाही, ते बघायचं होतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयानं मला एक खोली, एक डीप फ्रीझर आणि खोलीला न शोभणारी भलीमोठी पाटी दिली.

पहिली विद्यार्थिनी किनवटकडची, वसतिगृहात राहून शिकलेली. नांदेडला ऑपरेशन झालं की गाठीचा तुकडा बर्फाच्या थर्मासात घालून ती एसटीनं लातूरला आणायची. थर्मास मांडीवर. कंडक्टर विचारायचा, "ताई, कुल्फी हाय का?"

"हाव. पण तुम्हाला सोसायची न्हाई."

हदगावच्या एका मावशीला तिनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी समजावून सांगितलं, की तुमच्या गाठीचा तुकडा आम्ही जपून ठेवू, त्यातून काहीतरी कळेल. मावशी म्हणाली, "माझं तोंड तर चाललंच. ने तुकडा. पण टाकू नको, बाई." पुढं महिन्याभरात मावशी गेली.

त्या वर्षी दुष्काळ होता. रुग्णालयात पाणी टँकरनं यायचं आणि रोग्यांचे नातेवाईक घागरी घेऊन ताटकळायचे. त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याच्या कौतुकाचा समारंभ आमच्या आवारात ठरला. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून टँकरनं आधी मांडवाची जमीन भिजवली. घागरींचा नंबर नंतर. आमच्याकडे फुलं उरली नव्हती, म्हणून हार हैदराबादहून आले.

समारंभाच्या दुपारी आम्ही नांदेडहून परतलो. फ्रीझर उघडला तर आत हार. नमुन्यांच्या नळ्या व्हरांड्यात, एका परातीत, उन्हात. तुकडा एकदा वितळला की त्यातलं आम्हाला हवं ते नासतं. तिनं मावशीची नळी उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली.

रुग्णालयाचे विश्वस्त डाळमिलचे मालक होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

"अप्पा, हे कुणी काढलं?"

"मीच सांगितलं, डॉक्टरसाहेब. पाहुणे येऊन राहिलेत. हार सुकले तर जिल्ह्याची अब्रू जाईल. आत काय हाय म्हणून शिपायाला विचारलं, तर म्हणला, नमुने हायत. नमुनेच ना? पुन्हा घ्या की!"

हा माणूस काय बोलतोय ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं. आडतीत नमुना म्हणजे पोत्यातून काढलेली मूठभर तूर. बघायची, एक दाणा दाताखाली फोडायचा, उरलेली भिरकावून द्यायची. लागली तर पोत्यात पुन्हा हात घालायचा.

"अप्पा," ती म्हणाली, "ह्यातली एक मावशी मेली. पोतंच न्हाई राहिलं."

अप्पांनी "शिव शिव" म्हटलं आणि घड्याळ बघितलं. "मग दुसरी बघू, पोरी. मिसरी लावणाऱ्या बायांना आपल्याकडं काय तोटा?"

संध्याकाळी माझाही सत्कार झाला. हार गळ्यात पडला तो बर्फासारखा गार. लातूर आता संशोधनाचं माहेरघर होणार, असं पाहुणे म्हणाले. दोन शब्द बोला म्हटल्यावर, ह्या गार हारांसाठी काय उन्हात फेकलं ते मी सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. मी आभार मानतोय असंच सगळ्यांना वाटलं असावं. गोठलेली फुलं भाषणं संपेपर्यंत काळी पडून सदऱ्याला चिकटली होती. ज्या अब्रूसाठी एवढं केलं, तीसुद्धा टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फ्रीझरच्या दारावर लाल रंगानं लिहिलं : हा नमुना पुन्हा मिळत नाही.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. "हे मला तर न्हाई ना, पोरी?"

"न्हाई अप्पा. आत जे हाय त्याला."

अप्पा खूश झाले. पुढं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हे दार दाखवायचे.

तिनं पुन्हा थर्मास उचलला आणि नांदेडची एसटी धरली. काही वर्षांनी तिचं काम छापून आलं, चांगलं आलं. त्यात हदगावच्या मावशीचं काही नाही. टाकू नको, एवढंच तिनं मागितलं होतं.