आत्तींच्या जमिनीवर पडलेली पोळी

सासरी येऊन आठवडा झाला नव्हता आणि मी सासूच्या जमिनीला नावं ठेवून बसले. जमीन म्हणजे शेत नव्हे. स्वयंपाकघरातली, शेणानं सारवलेली.

मी शहरातली, शाहूपुरीतली. वडील कचेरीत, घरात फरशी, आणि मी स्वतः शाळेत शास्त्र शिकवत होते. नवरा त्याच शाळेत गणित शिकवायचा. लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. त्याचं घर शहराबाहेर, शेतकऱ्यांचं. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि त्यांचा एक पोरगा. सासूला आम्ही सुना आत्ती म्हणायचो. सत्तर सालानंतरची ही गोष्ट.

तर झालं असं, आत्ती भाकरी करत होत्या. उलटताना एक भाकरी निसटली आणि चुलीपुढं जमिनीवर पडली. त्यांनी ती उचलली, दोनदा झटकली, फुंकर मारली, कपाळाला लावली आणि स्वतःच्या ताटात टाकली. आता गप्प बसावं की नाही? पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसते होय.

"आत्ती, ती खाऊ नका," मी म्हटलं. "जमिनीवर जंतू असतात. त्यातून ही शेणानं सारवलेली. शेणात तर काय काय असतं."

जावेनं पदर तोंडात धरला. आत्तींनी वळून माझ्याकडं बघितलं. "माझ्या जमिनीवर?" एवढंच म्हणाल्या. सोमवार-शुक्रवार पहाटे उठून त्या ती जमीन सारवायच्या. त्यांची पोरं त्याच जमिनीवर रांगली होती. त्यातलाच एक माझा नवरा.

शास्त्र माझं बरोबर होतं, आजही तेच म्हणेन. जे चिकटायचं ते पडल्या पडल्या चिकटतं, फुंकर मारून जात नाही आणि कपाळाला लावून तर नाहीच नाही. पण बरोबर असणं वेगळं आणि सासरी नांदणं वेगळं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

त्या दिवसापासून आत्ती मला 'तुम्ही' म्हणायला लागल्या. जावेला 'अगं ए', म्हशीला 'अगं ए' आणि मला 'तुम्ही'. शाळेतून आले की पाट मांडलेला, पाण्याचा तांब्या भरलेला. पहिलं ताट माझं. टम्म फुगलेली भाकरी माझी, लोण्याचा गोळा माझा. मला वाटलं, शिकलेल्या सुनेचा मान ठेवतात. माहेरी जाऊन मी ऐटीत सांगितलंसुद्धा, सासू मला हातावर झेलते म्हणून.

पडलेलं-निसटलेलं जायचं ते बाकीच्यांच्या ताटात. भाकरीचा तुकडा पडला की आत्ती झटकणार आणि तो नवऱ्याच्या पुढ्यात. पुतण्याच्या हातून शेंगदाण्याचा लाडू घरंगळला की फुंकर मारून परत त्याच्याच तोंडात. मी नवऱ्याकडं डोळे वटारून बघायची. तो चावत चावत म्हणायचा, "मेलो का अजून?" माझ्या ताटात मात्र असलं काही कधी आलं नाही, आणि मी मनातल्या मनात खूश होते.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी आणि जाऊ शेंगा फोडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "आक्का, एक बरं आहे, आत्ती मला तरी पडलेलं देत नाहीत."

जाऊ माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "तुला कशाला देतील? पडलेलं घरच्यांनी खायचं असतंय. पावण्यांच्या ताटात कोण घालतंय व्हय?"

शेंग माझ्या हातातच राहिली. पाट, तांब्या, पहिलं ताट, लोणी, सगळं पावण्यांचं. जवळजवळ वर्षभर मी त्या घरात पाहुणी म्हणून जेवत होते, आणि वर माहेरी जाऊन फुशारकी मारत होते. फार लागलं मला ते. आत्ती एकदा कडाकडा भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भाकरीचा तुकडा खाली पाडला आणि उचलून तोंडात घालणार, तेवढ्यात आत्तींनी माझा हात धरला. "राहू द्या. तुम्हाला सोसायचं न्हाय." तो तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला आणि मला गरम भाकरी वाढली.

मी नवऱ्याला सांगून टाकलं, "शाहूपुरीत दोन खोल्या बघू या. माणसानं किती दिवस पाहुणं राहायचं?" तो म्हणाला, "बेंदूर होऊ दे. बैलांचा सण टाकून जायला नको. मग जाऊ." एवढं ठरलं.

बेंदराच्या तोंडावर जाऊ पोराला घेऊन बाळंतपणाला माहेरी गेली, तिकडं चंदगडला. त्यातच आत्ती गोठ्यात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मुरगळला. सणाच्या आदल्या दिवशी जमीन सारवायची होती. शाळेतून आले तर हाताला आंबेहळदीचा लेप लावलेल्या आत्ती डाव्या हातानं बादलीत शेण कालवत बसलेल्या. मी पदर खोचला आणि बादली पुढं ओढली.

"तुम्हाला जमायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगा, मी करते."

जन्मात कधी सारवलं नव्हतं. शेण पातळ झालं. कुठं जाड थर बसला, कुठं जुनी जमीन उघडीच राहिली. आत्ती उंबऱ्यावर बसून बघत होत्या. "हात आडवा धरा. मागं मागं सरका, न्हायतर वल्यात पाय टाकशीला." मी एकदा टाकलाच पाय, मग तेवढं पुन्हा सारवलं. बाहेर पाऊस लागलेला, जमीन वाळेना. सूप घेऊन वारा घालत बसले. नखांतला वास दोनदा साबण लावूनही गेला नाही, आणि उठताना तर कंबर धरावी लागली.

दुसऱ्या दिवशी बेंदूर. पोळ्या मीच लाटत होते, मीच भाजत होते. आत्ती शेजारी बसून तूप सोडत होत्या. पुरुषमाणसं गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होती. तव्यावरनं काढताना एका पोळीची कड फाटली आणि तुपानं भिजलेली ती पोळी सटकन खाली पडली. फाटली तिकडनं पुरण जमिनीला लागलं. जमीन मी सारवलेली, अजून दमट.

आत्तींनी वाकून पोळी उचलली. पुरणाला लागलेलं बोटानं काढून टाकलं, फुंकर मारली, कपाळाला लावली. मला वाटलं, आता ही त्यांच्या ताटात जाणार. त्यांनी ती माझ्या ताटात ठेवली.

"जमीन तू सारवलीयास," त्या म्हणाल्या. "आता तूच सांग, खायची का टाकायची?"

शास्त्राचं उत्तर मला पाठ होतं. ओल्या शेणावर पडलेली पोळी टाकायचीच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. मी ती खाल्ली. दाताखाली कचकच लागत होती, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, तरी सगळी खाल्ली.

"रडायला काय झालं?" आत्ती म्हणाल्या. "तूप कमी पडलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, खोटं कशाला सांगू. माझं शास्त्र काही खोटं ठरलं नाही. आत्तींनी मला ओव्याचं पाणी पाजलं आणि वर, शहरातली पोटं काय कामाची न्हाईत म्हणून बोलूनही घेतलं. मी पडून ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. पुढच्या आयुष्यात मला मानसन्मान थोडेफार मिळाले. पण त्या बाईनं त्या पोळीबरोबर जे दिलं, त्याचं ऋण वेगळं आहे. ते फेडायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

बरी होऊन शाळेला गेले, शाहूपुरीतल्या खोल्या न बघता संध्याकाळी सरळ घरी आले. पाट मांडलेला नव्हता. तांब्या पालथा होता. चुलीपुढनं आत्तींचा आवाज आला, "अगं ए, आलीस व्हय? बसतीयास काय, घागर घे, पाणी आण आधी."

मी घागर घेतली आणि निघाले.