पाचव्या चाकालाही कुंकू

मखमलाबादच्या गोरक्षची मॅटाडोर वेळेवर सुटलेली मी एकदाही पाहिली नाही. आठवडाभर तो घरच्या मळ्यातला झेंडू बाजारात पोचवायचा आणि रविवारी गाडी धुऊन, मागे बाकडी बसवून लोकांना फिरायला न्यायचा. निघण्याआधी गाडीची पूजा झालीच पाहिजे, हा त्याचा नियम. चार चाकांना हळदकुंकू, पाचवं स्टेपनीला. गाडी सांगणाऱ्या घरातल्या थोरल्या बाईनं कुंकू लावायचं, आणि गोरक्षनं शेजारी उकिडवं बसून टायरवर हातोडीचा दांडा मारत आवाज ऐकायचा. मग नट, मग ब्रेक ऑइल, मग दिवे. तपासणीसाठी दहा मिनिटं थांबा म्हटलं की माणसं खेकसतात, पूजेसाठी मात्र अर्धा तास हात जोडून उभी राहतात, हे या पठ्ठ्यानं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. देवभोळा? छे! चांगला चाप्टर होता.

मी घड्याळाचा माणूस, त्यामुळे माझं डोकं फिरायचं. माझ्याहून जास्त फिरायचं ते माझ्या सासूबाईंचं, पुतळाबाईंचं. त्यांच्या भजनी मंडळाच्या नवरात्रातल्या सगळ्या फेऱ्या गोरक्षकडे असत. वर्षाचा निम्मा धंदा त्यावरच होता. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझ्या वैष्णवीचं जावळ काढायला आम्ही वणीच्या गडावर निघालो, तेव्हा सासूबाईंनी त्याला दम भरला.

"काय पूजा करायची ती आत्ताच कर. वाटंत पुन्हा खाली उतरवलं, तर नवरात्राला दुसरी गाडी सांगंन."

"बरं मावशी," म्हणून तो नुसता हसला.

नांदुरीचा घाट चढताना सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "यातला ब्रेक कंचा रं?"

गोरक्ष खूश झाला. "हा मधला. सगळ्यांचा जीव याच्यावर हाय, मावशी."

बाईंना या वयात यंत्राची गोडी लागली म्हणून मी बायकोला कोपरानं ढोसलं.

दर्शन झालं, जावळ झालं, जेवणं झाली. गाडी उन्हात तापून निघाली होती, तरी सासूबाई सगळ्यांच्या आधी जाऊन आत बसल्या. आम्हीही बसलो. गोरक्ष दारापाशी येऊन म्हणाला, "घाट उतरायचाय. सगळे खाली या, एकदा गाडी बघून घेतो."

सासूबाई कडाडल्या. त्याचं मला नवल नव्हतं. पण मीही ओरडलो, "अरे, आईच्या दारातून निघालोय, आता काय होतंय? चल की!" ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

गोरक्ष हलला नाही. हसलाही नाही. "मावशी, नवरात्राला दुसरी गाडी सांगा. पण आज खाली उतरा."

आम्ही कुरकुरत उतरलो. त्यानं चाकं ठोकली, आत बसून ब्रेक दाबला. पॅडल अर्ध्यावरच अडलं. त्यानं वाकून हात घातला आणि पॅडलमागून कुंकू लावलेलं लिंबू बाहेर काढलं.

सासूबाई डोंगराची पाहणी करू लागल्या.

"आईच्या पायावरचं हाय," शेवटी त्या पुटपुटल्या. "सगळ्यांचा जीव तिथं हाय, तूच म्हनला ना? म्हनून तिथंच ठेवलं."

मी वैष्णवीला घट्ट धरलं. सासूबाईंवर ओरडायला तोंड उघडलं, पण चल की म्हणणारा मीच होतो, म्हणून मिटून घेतलं.

गोरक्षनं आवाजही चढवला नाही. लिंबू कपाळाला लावलं, शेजारच्या टपरीवरून पाणी आणि साखर आणली, आणि सरबत करून पेला सासूबाईंपुढे धरला. "प्रसाद पोटात घालायचा, मावशी. पायाखाली नाय." त्यांनी तो निमूटपणे संपवला. मग ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये, वळणावळणाला हॉर्न देत, तो खाली उतरला.

नवरात्रात पहिल्या फेरीला दारात मॅटाडोरच उभी राहिली, आणि मीही मंडळाबरोबर आत बसलो होतो. त्या दिवशी खुद्द गोरक्षलाच उशीर झाला होता. चार चाकं उरकून तो घाईनं स्टार्टर मारणार, एवढ्यात सासूबाईंनी किल्ली काढून घेतली. एका हातात हळदकुंकवाचं ताट, दुसरा हात पॅडलमागे चाचपतोय.

"स्टेपनी ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "जावईबापू, खाली उतरा."

मी घड्याळ न बघता उतरलो.