आतून लागणारी कडी

औशाजवळच्या आमच्या घरात कुठल्याच दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी असाव्यात, कारण प्रत्येक दारावर स्क्रूंची भोकं होती आणि त्यांच्याभोवती कडीच्या आकाराचा जुना, न रंगवलेला तुकडा होता. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, दुरुस्तीला काढल्या असतील. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "माय लावू देत नाही," आणि चहा संपवून दुकानाला गेला.

घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि सासूबाई, ज्यांना इथल्या रीतीने मी आत्याबाई म्हणते. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले. भूकंपानंतर गाव जुन्या जागेवरून हललं तेव्हा मिळालेलं हे दोन खोल्यांचं घर, आणि पुढे मागाहून टाकलेली पत्र्याची शेड. आत्याबाई शेडमध्येच झोपतात. झोपायच्या आधी त्या आमचं दार ढकलून बघायच्या. दार सरकलं की "हां" म्हणायच्या, पुन्हा ओढून घ्यायच्या आणि जायच्या. नवरा कूस बदलून झोपून जाई. मला ते जमत नसे.

मी नांदेडला फ्लॅटमध्ये वाढले. शाळेतून आलं की खोलीत जायचं आणि कडी लावायची. आत मी काही विशेष करत नसे. पुस्तक उघडं असे, पण ते वाचतच होते असं नाही. दार बंद आहे एवढं कळलं की खांदे सैल पडायचे. माणसांत मला फार वेळ राहता येत नाही. शाळा इंग्रजी, त्यामुळे वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळतं, आणि ते मराठीत येईपर्यंत बोलणारे पुढे गेलेले असतात. इथे तर दाराला पाठ लावून साडी बदलायची. शेजारच्या काकू हाक मारता मारताच आत आलेल्या असत. कोणी वाईट नव्हतं. पण दिवसभर अंगावर कोणाची तरी नजर आहे असं वाटून मी आतल्या आत आक्रसत चालले होते.

दिवाळीला माहेरी गेले आणि ठरल्यापेक्षा जास्त राहिले. आईने कारण विचारलं नाही. तिला ते कळलं असावं, आणि त्याचीच मला भीती वाटली. शेवटी नवरा न्यायला आला. लातूरला बस बदलायची होती. स्टँडवर चहा घेताना म्हणाला, "तू येते म्हणालीस म्हणून आलीस, का यायचं होतं म्हणून?"

खरं सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं.

"मागच्या मोकळ्या जागेत एक खोली बांधू," तो म्हणाला. "आपली."

"कडी असेल?"

"लावू."

गवंडी मिळेना. सगळीकडे घरकुलांची कामं चालू होती, जो तो पुढचा महिना सांगे. नवऱ्याचं औशात फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट, खिडक्या, शटर. बांधकामांवर त्याचं कायम जाणं-येणं. "बघून बघून येतंय मला," तो म्हणाला. मग आम्हीच सुरुवात केली. तो दुकान लवकर बंद करून यायचा. मी वाळू-सिमेंट कालवायचे, विटा भिजवायचे आणि एकेक करून हातात द्यायचे. पाया झाला, त्यावर काँक्रीटचा पट्टा झाला, आणि मग पहिली भिंत छातीपर्यंत आली तेव्हा कळलं, बघून येत नाही. मध्यावर तिला चांगलं पोट आलं होतं. ओळंबा सोडला तर दोरी एका बाजूला आणि भिंत दुसऱ्या.

काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय ओ, भिंत गरवार हाय का?"

आत्याबाई ताक घुसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भिंतीला तरी दिवस गेले म्हना."

काकू हसल्या, नवराही हसला. मी भिजवलेल्या विटा पुन्हा भिजवल्या. नंतर आम्ही ती भिंत उतरवली आणि एकेका थराला ओळंबा लावून परत चढवली. तेव्हापासून त्याच्या हाताला वळण आलं. मलाही माल किती घट्ट हवा ते फावड्यावरूनच कळायला लागलं. काम करताना बोलावं लागत नाही, हे मला फार आवडलं. वीट, माल, वीट. लग्नानंतरचे ते आमचे सगळ्यात चांगले दिवस होते असं आता वाटतं.

भिंतींना पाणी मारायचं काम आत्याबाईंनी आपणहून घेतलं होतं. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभ्या राहायच्या. कडीचं मात्र त्यांना आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं. तो म्हणे, "मी बोलतो." पण बोलत नसे.

पत्रे चढल्यावर त्याने दुकानातून लोखंडी दार आणलं. आतल्या बाजूला कडी होती. स्क्रूने बसवलेली नव्हती, वेल्डिंग केलेली होती. "स्क्रू असले तर माय काढेल," तो मला हळूच म्हणाला. त्याला ही युक्ती वाटली होती. मलाही वाटली, खोटं कशाला सांगू.

आत्याबाई पाइप घेऊन आल्या. दार बघितलं. कडीच्या कडेने वितळून गोठलेल्या लोखंडावरून त्यांनी अंगठा फिरवला, परत फिरवला. मग पाइप तिथेच टाकून गेल्या. पाणी वाहत राहिलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी भिंती कोरड्याच राहिल्या.

दुपारी आम्ही दोघं शेडमध्ये त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्या तूर निवडत होत्या. आपणच बोलल्या.

"माझी सासू आतल्या खोलीत निजायची. दागिन्याच्या भ्यानं कडी लावून. आमी अंगनात होतो. भूकंपात समदं पडलं, पर ती खोली तेवढी हुबी होती. भिंत दारावर रेलली होती. ती आतनं म्हनायली, कडी निघंना गं. मी भायेरनं ढकलायले." सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. "मग परत हाललं."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याने जमिनीकडे बघूनच ऐकलं. त्याने हे आधी कितीदा ऐकलं होतं, कोण जाणे. मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कापून टाका ती कडी," मी त्याला म्हणाले. म्हणताना मनात आलं, आता मी इथे कशी राहणार आहे.

"मी काप म्हनलं का?" आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुला कडी लावून काय करायचं असतंय?"

नवरा उठला, पाण्याची मोटर बघून येतो म्हणून गेला. माझे कान गरम झाले.

"काही नाही. नुसतं बसायचं."

"दोघं?"

"नाही. एकटी. ते घरात नसले तरी. ते नसतानाच जास्त."

"नुसती बसतीस?"

"हो. मला कोणी येणार नाही हे माहीत असलं ना, की बरं वाटतं. मग बाहेर येऊन मी नीट बोलू शकते. नाही तर..." वर्षभरात त्यांच्याशी मी एवढं सलग कधी बोलले नव्हते.

त्यांनी सुपाला दोन झटके दिले. "मला तर बसलं की झोपच येती," म्हणाल्या आणि उठल्या.

मागच्या खोलीत जाऊन त्या दारापाशी थांबल्याच नाहीत. सरळ खिडकीशी गेल्या. खिडकीचं ग्रिल नवऱ्याने जीव ओतून केलं होतं, जाड गज आणि त्यांवर चढलेली पानांची वेल. औशात असं दुसरं नाही म्हणायचा. मोटर बघून तोही आला होता.

"हितनं मांजर तरी जाईल का रं?"

"जाऊ नये म्हणूनच केलंय, माय."

"मग मानूस कुठनं जाईल?"

"दारातून जाईल की."

"आन दार दबलं तर?"

त्याने एक गज हलवून बघितला. म्हणाला, "चोर आला म्हणजे?"

"चोर आला तर वरडता येतंय."

संध्याकाळी त्याने ग्राइंडर आणला आणि स्वतःचंच ग्रिल कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि तो मान फिरवून कापत होता. त्या जागी आतून सहज उघडणाऱ्या पत्र्याच्या दोन झडपा बसवायचं ठरलं. पण आत्याबाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. खिडकीचा कठडा त्यांच्या छातीला येत होता. त्यांनी मांडीवर हात आडवा धरून दाखवला. इथपर्यंत. म्हणून आम्ही खिडकीखालचे थर छिन्नीने उतरवले. बांधताना लागला होता त्याहून जास्त वेळ त्या कामाला लागला, कारण माल आमच्याच हातचा होता आणि तो चांगला धरला होता.

मग त्यांनी पदर खोचला, कठड्यावर बसल्या, एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला आणि पलीकडे उतरल्या. काकू कुंपणाशी होत्याच.

"काय करायलाव ओ?"

"सून पळून जायची वाट करायलाव," आत्याबाई बाहेरून म्हणाल्या. आणि मला, "चल, निघ तू."

काकू बघत होत्या, त्यांची सून बघत होती. एरवी मी मेले असते तरी असं काही केलं नसतं. मी कठड्यावर चढले, घोटा खरचटला, उतरले.

"आता डोळे मिटून."

"आत्याबाई."

"अंधारात काय दिसनार हाय तुला? मीट."

मी डोळे मिटून हाताने कठडा चाचपत बाहेर आले. त्यांनी परत आत पाठवलं. त्यांचं समाधान होईपर्यंत मी येत-जात राहिले, आणि काकूंना हसायचाही कंटाळा आला.

झडपा बसल्यावर पाचेक दिवसांनी, दुपारी, नवरा दुकानात असताना मी खोलीत जाऊन दार लावलं. कडी नवी होती, जोर करून सरकवावी लागली, आणि तिचा आवाज सगळ्या घरात गेला असणार. मी पलंगावर बसले. पुस्तकही घेतलं नव्हतं. दाराकडे कान लावून, आता ढकलतील, आता ढकलतील, असं म्हणत बसले.

शेडमधून त्यांच्या चपला वाजल्या. दारापाशी आल्या, थांबल्या. मग आवाज भिंतीच्या कडेने मागे गेला. खिडकी उघडी होती. त्या तिच्यासमोर आल्या, पण आत बघितलं नाही. उतरवलेल्या विटांचे तुकडे खिडकीखालीच पडले होते. वाकून त्यांनी ते एकेक करून उचलले आणि कुंपणाकडे नेऊन टाकले. जागा मोकळी झाल्यावर पायाने माती सारखी केली, आणि शेडकडे गेल्या.