अहवालात न लिहिलेला स्टोव्ह

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळलं. निवृत्तीनंतर किती तरी केसेस रंगवून सांगितल्या, ही तेवढी गाळली. आता घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून लिहितो. ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. खरेदी बंद, जिकडेतिकडे कापूस पडून. पांढरकवड्याकडच्या एका कॉलेजात संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतःचा कापूस प्रयोगशाळेशेजारच्या वर्गात भरला होता. तो पेटला. माझ्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, की प्रयोगशाळेतल्या परिचराचं त्या कापसावरून अध्यक्षांशी वाजलं होतं.

मी त्याला उचललं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. दोन्ही तळहात भाजलेले. मला तेवढा पुरावा पुरला.

तो एकच गोष्ट सांगत राहिला. "साहेब, म्या मोठ्या बाटलीतून इथर लहान बाटल्यांत भरून राह्यलो होतो. त्याची वाफ जड रायते, दिसत नाही, जमिनीवरून सरकते. कापूस राखनाऱ्यायले सांगतलं होतं, आज चहाचा स्टो पेटवू नका म्हणून."

"म्हंजे आग पायी चालत आली काय बे तुझ्याकडं?" मी म्हणालो. हवालदार हसले. तीन दिवस त्याला मागच्या खोलीत बसवून ठेवलं. मारलंही. स्टेशन डायरीत त्याची नोंद केली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी नागपूरहून तज्ज्ञ आले. त्यांनी ठाण्याच्या अंगणात पत्र्याची पन्हळ तिरकी ठेवली. खालच्या टोकाला मेणबत्ती, वरच्या टोकाला इथरमध्ये भिजवलेला बोळा. क्षणभर काहीच झालं नाही. मग ज्योत पन्हळीतून वर पळत गेली आणि बोळा पेटला. वर्गात न मावलेल्या कापसाच्या थप्प्यांनी प्रयोगशाळेच्या खिडक्या बाहेरून बुजल्या होत्या, त्यामुळे वाफेला शेजारच्या वर्गाकडे दाराखालचीच वाट उरली होती; आणि तिथे राखणाऱ्यांनी चहाचा स्टोव्ह पेटवलाच होता. पेटती बाटली बाहेर फेकताना त्याचे हात भाजले होते.

मी त्याला सोडलं. पण अहवालात 'परिचराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. स्टोव्ह लिहिला असता, तर अध्यक्षांचा कापूस वर्गात कसा, हे विचारावं लागलं असतं, आणि माझे ते तीन दिवसही निघाले असते. त्याची नोकरी गेली.

माणूस रोजच्या कामातलं सांगत असेल, तर आधी ऐकून घ्यावं. एवढंच शिकलो, तेही त्याची नोकरी घालवून.

मागच्या वर्षी केळापूरजवळ त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर एकटाच बसला होता. नजर अधू झालेली, मला ओळखलं नाही. "कोनाकडं आले जी? बसा, पानी घ्या," म्हणाला. आखडलेल्या बोटांनी तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो, हायवेची वाट विचारली आणि निघालो. माफी मागायची राहिली.