फक्कीने आखलेला बाजार: साक्रीपलीकडच्या एका गावात

"आम्ही खोटाखोटा बाजार भरवतोय, बघायला ये," असा दादाचा निरोप आला आणि मी हसतच सुटले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सत्तर सालाच्या आसपास तो साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात ग्रामसेवक होता. मी नुकतं लग्न होऊन जळगावला मेहरूणमध्ये राहायला आलेली. खोटा बाजार बघायला इतक्या लांब कोण जातं? पण दिवाळी सरली होती, नवऱ्याला रजा नव्हती आणि मला घरात बसवत नव्हतं. पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि निघाले.

आज तुम्ही हा प्रवास गाडीने आरामात कराल. तेव्हा एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची. खिडकीशी बसावं तर धूळ, आत बसावं तर शेजारणीच्या मांडीवरची कोंबडी. माझ्या ब्लाउजची बाही खिडकीच्या पत्र्याला अडकून फाटली ती वेगळीच. धुळ्याच्या स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि राग गेला. तिथे कधी उतरलात तर रस्सा जपून वाढून घ्या. पुढे साक्रीला गाडी बदलायची, फाट्यावर उतरायचं आणि गावापर्यंत चालायचं.

या फाट्यापर्यंत नुकतीच डांबरी सडक आली होती आणि सगळं तिच्यामुळेच सुरू झालं होतं. गावचा आठवडे बाजार पिढ्यान्‌पिढ्या नाल्याकाठी चिंचांखाली भरायचा. आता व्यापाऱ्यांना तो सडकेवर हवा होता. तालुक्याहून आराखडाही आला होता: सडकेकडे तोंड केलेली गाळ्यांची रांग, मागे ओटे. ग्रामसभेत गावचे वडीलधारे आबा म्हणाले, "कागदवर बठ्ठं भारी दिखस. पन आपन बठी देखूत."

बसून पाहायचं, ही त्या गावची रीतच. लग्नाचा मांडव कुठे घालायचा हेसुद्धा तिथे बसून पाहून ठरायचं. शाळेची जागा ठरवताना म्हणे आख्खं गाव दुपारभर पोरांसारखं ओळीत बसलं होतं आणि ऊन डोळ्यांवर येतं म्हणून उठून दुसरीकडे गेलं होतं. मी दादाला म्हटलं, "तुमच्या गावाला उद्योग नाहीत." तो म्हणाला, "उद्या बघ, मग बोल."

फाटलेली बाही शिवायला दादाने मला सुमनकडे नेलं. गावापासून बऱ्याच अंतरावरच्या बौद्ध वस्तीत ती राहायची. धुळ्याला मावशीकडे राहून शिवण शिकलेली, माझ्याच वयाची, हसरी. जुन्या बाजारात त्यांच्या माणसांना नाल्याच्या पलीकडे बसावं लागे, तिकडे गिऱ्हाईक फिरकत नसे. "नव्या बाजारातबी मांगेच बठाडतीन," दोरा तोडत ती म्हणाली, "मंग मशीन इकी टाकसू." सडकेच्या कोपऱ्यावर, एसटी थांबते तिथे जागा मिळाली तरच तिचं दुकान चालणार होतं. ती मशीन खरंच विकून टाकेल, याचीच मला काळजी लागून राहिली.

सकाळी फाट्यावरच्या गायरानावर पोचलो तर कबड्डीच्या मैदानासारख्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. प्रत्येक चौकोनात माणूस बसलेला, पुढ्यात खरा माल आणि खरी विक्री चाललेली. मी चेष्टा करायला आले होते, ती पहिल्या तासातच विसरले. वारा सुटला तसा धान्याचा भुसा उडून जिलेबीवर बसला, म्हणून धान्यवाल्यांना पूर्वेला हलवलं. बैलगाडी वळेना, म्हणून एक रेघ पायाने पुसून मागे घेतली. डोंगरातून चारोळी आणि मध घेऊन येणाऱ्या बाया मागच्या पायवाटेने आल्या, तर त्यांना गाळ्यांच्या नुसत्या पाठी दिसल्या. मग निम्मी रांग त्यांच्याकडे तोंड करून फिरवली. जो तो बोलत होता, भांडतही होता, आणि दादा काठीने नव्या रेघा ओढत पळत होता. इतकं शहाणपणाचं भांडण मी पुन्हा पाहिलं नाही.

दुपारी कायमच्या जागा ठरायच्या होत्या. जुन्या बाजाराचा नियम असा, की लांबून चालत येणाऱ्याने आधी जागा निवडायची. डोंगरातल्या बायांनी लिंबाची सावली घेतली, मग आसपासच्या गावांनी जागा घेतल्या. शेवटी गावाची पाळी आली. कोपऱ्यावर केसरशेठने सकाळपासूनच सतरंजी टाकली होती. तीन पिढ्यांचं किराणा दुकान, त्यामुळे कुणी काही बोलेना.

तेवढ्यात सुमन उभी राहिली. "आबा, दूरथून येस तो पहिले बठस ना?"

"हा."

"मंग गावमा आमनं घर बठ्ठासपेक्षा दूर शे. आमना नंबर पहिले का नही?"

"त्यास्नी जागा मांगे शे," कुणीतरी पुटपुटलं. आबा केसरशेठकडे पाहत राहिले.

शेठनी सतरंजीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मना आजा मारवाडथून पायी उना. त्यानाइतला दूरथून कोनीच नही उना, म्हनीसन त्याले चिंचखाले पहिली जागा भेटनी." ते उठले आणि सतरंजी गुंडाळायला लागले. "मी आते गावना व्हई गऊ. बठ माय, ही जागा तुनी शे."

त्यांच्या घरच्यांचे चेहरे पडले, हेही सांगायला हवं. शेठना सगळ्यात शेवटची जागा मिळाली, पार टोकाला. सुमनने मशीन आणून कोपऱ्यावर ठेवलं आणि पदराने उगाचच पुसत राहिली. मला रडू आलं, ते मी भुशावर ढकललं.

आता तिथे पक्के गाळे आहेत, पण मांडणी त्या दिवशीच्या फक्कीचीच. जायचं तर हिवाळ्यात जा, बाजाराच्या दिवशी सकाळीच पोचा आणि लिंबाखाली मिळणारी नागलीची भाकरी सोडू नका.

मेहरूणला परतले तेव्हा चपलांना अजून फक्की चिकटलेली होती. आमच्या गल्लीला तेव्हा एकच नळ, तोही आमच्या दारासमोर, त्यामुळे माझा हंडा रोज पहिला. गल्लीच्या टोकाला राहणारी अनसूया कळशी घेऊन पोचायची तोवर धार करंगळीएवढी झालेली असायची. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा मी हंडा बाजूला घेतला आणि तिची वाट पाहत उभी राहिले.

"काय गं, आज मागे?" शेजारच्या अक्कांनी विचारलं.

"माझं घर जवळ आहे ना, अक्का," मी म्हटलं.