खुडूक

काल माझी लेक पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर गप्प बसली होती. "काय गं, खुडूक कोंबडीसारखी बसलीयेस?" मी म्हणाले, आणि विश्रांतवाडीच्या जुन्या घराचं परसदार आठवलं.

तिथे माझ्या लहानपणी आमची चांदी कोंबडी अशीच टोपलीत फुगून बसली होती. दाण्याला तोंड लावेना. "खुडूक झालीय. अंडी उबवायचीत बाईसाहेबांना," आई म्हणाली आणि खुडूक मोडायला तिने चांदीला गार पाण्याच्या बादलीत बुचकळून काढलं. ओल्या पिसांचा तो उग्र वास अजून नाकात आहे. सकाळी चांदी टोपलीत ताठ पडली होती.

शेजारी म्हणाले, साथ असेल. बाकीच्या कोंबड्यांच्या काळजीने बाबा तिला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्यावर म्हणाले, "साथ नाही. डॉक्टरांनी चिरून बघितलं, पोटात अंडं अडकलं होतं." आई कितीतरी वेळ त्या बादलीकडे बघत राहिली.

काल माझं बोलणं ऐकून आई स्वयंपाकघरातून लगबगीने आली. तिने ओला हात पदराला पुसून नीट कोरडा केला आणि नातीच्या पोटावर ठेवला.

"कुठं दुखतंय का, बाळा?"