दांड्यावरची बोटं

मेजरचं नाक दोनदा मोडलं होतं, एकदा जमिनीनं आणि एकदा नवऱ्यानं. सैन्यात छत्रीधारी तुकडीत असताना वाऱ्यानं ओढत नेऊन तिला तोंडावर आपटलं, ते पहिलं. दुसऱ्या खेपेला नवऱ्यानं भांडता भांडता इस्त्री फेकून मारली. तिनं रक्त पुसलं नाही की आरडाओरडा केला नाही. त्याचा तोच हात धरला, दाराच्या चौकटीवर टेकवला आणि दार लावून घेतलं. मग पिशवी खांद्यावर टाकून जी निघाली, ती त्या घरात परत गेली नाही.

सैन्यातून ती हवालदार म्हणून बाहेर पडली होती. पण पुढे विमानातून छत्रीची उडी शिकायला येणाऱ्या पोरांनी तिला एका दमात मेजर करून टाकलं. एवढी बढती सरकारनं कधी दिली नसती, असं ती म्हणायची.

शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर ते उडी शिकवण्याचं केंद्र होतं. पत्र्याची एक मोठी शेड, इंधनाची पिंपं, एका इंजिनाचं एक छोटं विमान. मालक गोड बोलणारा, हसत हसत खांद्यावर हात टाकणारा. शिकवायचं काम मात्र सगळं मेजरकडे, आणि तिचा हात जड. कुणी हात चुकीचा ठेवला की हेल्मेटवर बुक्की बसायची. पट्टा ढिला राहिला तर ती त्याच पट्ट्याला धरून माणसाला गदागदा हलवायची. "घाबरायचं तर इथं घाबरा," ती ओरडायची. "इथं रडा, इथून घरी जा, मी एका शब्दानं बोलणार नाही. वर गेल्यावर मला नाटकं नकोत."

वयाच्या बाबतीत ती फारच कडक होती. अठरा पूर्ण नाहीत, तर फाटकाच्या आत यायचं नाही. एकदा एक पोरगा थोरल्या भावाचं ओळखपत्र घेऊन आला. मेजरनं त्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत फाटकाबाहेर नेऊन सोडलं. तो खाली बसून शिव्या द्यायला लागला, तेव्हा म्हणाली, "दे. जिवंत आहेस म्हणून देतोयस."

पण त्या वर्षी मालकानं पाटी बदलली. सोळा पूर्ण असलेल्यांनाही प्रवेश, फक्त पालकांची सही हवी.

मेजर तडक त्याच्या खोलीत गेली. "हे काय नवीन?"

"कायद्यात बसतं, बाई. वकिलाला विचारलंय. काही झालं तर जबाबदारी आमची, केंद्राची नाही, असं बाप स्वतः लिहून देतो. आपण मोकळे."

"पोराचं हाड मोडलं, तर ते बापाच्या सहीनं जुळतं का?"

मालक हसला. "तुम्ही शिकवा. कागदाचं मी बघतो."

आठवडाभरात बबडी आली. सोळा पूर्ण होऊन फार दिवस झाले नव्हते. घरातलं ते लाडाचं नाव तिला अजिबात आवडायचं नाही, पण बरोबर आलेला मामा तिला त्याच नावानं हाका मारत होता. मामा टेम्पो चालवायचा आणि भाचीपुढे त्याचं काही चालायचं नाही. महिनाभर ती त्याच्या खनपटीला बसली होती.

"वडील कुठायत?" मेजरनं विचारलं.

"भाऊजींचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट आणि जाळ्या बनवतात," मामा म्हणाला. "त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझीच तंगडी तोडली असती."

मालक मोठ्यानं हसला. "मामा म्हणजे आईच्या जागी! करा सही."

"मी हिला नेणार नाही," मेजर म्हणाली.

"नका नेऊ," मालक तितक्याच गोडीनं म्हणाला. "पायलटचा भाऊ नेईल."

पायलटच्या भावाला स्वतःची छत्री धड बांधता येत नव्हती. मेजरनं बबडीच्या दंडाला धरलं आणि तिला शेडमध्ये नेलं.

सबंध दिवस तिनं त्या पोरीला पिळून काढलं. ओट्यावरून खाली उड्या मारायला लावल्या, तुळईला टांगून ठेवलं, गुडघे सोलवटले तरी थांबू दिलं नाही. आपणहून रडून परत जाईल, असा तिचा हिशेब होता. पोरगी रडली नाही. उलट ओठ चावून पुन्हा पुन्हा उभी राहायची. छत्रीच्या दोन दोऱ्यांनी डावं-उजवं कसं वळायचं आणि जमीन जवळ आली की दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढून वेग कसा मोडायचा, हे तिनं इतरांच्या आधी उचललं. संध्याकाळी मेजरनं तिच्या हेल्मेटवर बुक्की मारली. ती शाबासकीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान वर गेलं. आत पायलट, मेजर आणि बबडी. नवख्याच्या छत्रीची दोरी विमानाला बांधलेली असते, त्यामुळे छत्री आपोआप उघडते. शिकणाऱ्यानं दाराबाहेरच्या पायरीवर पाय ठेवायचा, पंखाखालचा तिरका दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि 'सोड' म्हटलं की हात सोडायचे. एवढंच.

बबडी बाहेर गेली. दांडा धरला. वाऱ्यानं तिचे गाल फडफडत होते.

"सोड!" मेजर ओरडली.

बबडीनं मान वळवली. डोळे पांढरे झालेले. "आत घ्या! मला आत घ्या!"

एकदा माणूस दांड्यावर गेला की त्याला आत घेता येत नाही. वारा येऊ देत नाही, आणि ओढाताणीत पाठीवरची छत्री उघडून विमानाच्या शेपटीत अडकली तर वरचे सगळेच खाली. पायलट मागे वळून शिव्या घालत होता. मैदान मागे पडत चाललं होतं, पुढे हमरस्ता आणि विजेच्या तारा.

"सोड म्हणते ना!"

पोरीला ऐकूच येत नव्हतं. तिचे पाय पायरीवरून सुटले आणि ती नुसती हातांवर लोंबकळायला लागली. मेजर कंबरेपर्यंत बाहेर वाकली. मुठीनं तिच्या बोटांवर ठोसे मारले. एक, दोन, मग मोजणं राहिलंच नाही. डावा हात सुटला. उजवा सुटेना. मेजरनं एकेक बोट उचकटलं. मधलं बोट उलटं वाकलं आणि काटकी मोडावी तसं तिच्या मुठीत कट्कन वाजलं. बबडी किंचाळली. ती किंचाळी वाऱ्यानं अर्ध्यात तोडून नेली.

छत्री उघडली. मेजर दाराशी बसून खाली बघत राहिली. सगळं ठीक दिसत होतं. पोरगी मैदानाकडे वळत होती. खाली मालक रेडिओवरून तिला सूचना देत होता. जमीन जवळ आली तसं तो म्हणाला, "दोन्ही ओढ!" सूचना बरोबरच होती. बबडीनं दोन्ही ओढल्या. डावी दोरी पूर्ण खाली आली. उजवी मात्र मोडक्या बोटाच्या हातातून निसटली. छत्री एका बाजूला गर्रकन फिरली आणि दोरीला बांधलेला दगड भिरकावावा तशी पोरगी इंधनाच्या पिंपांजवळच्या सिमेंटवर आदळली.

विमान धावपट्टीवर उतरून नीट थांबायच्या आत मेजरनं खाली उडी टाकली. बबडी जिवंत होती. मांडीचं हाड कापड फाडून बाहेर आलं होतं, कंबरेखालचं शरीर भलत्याच दिशेला वळलं होतं, आणि तोंडातून गुरासारखा आवाज येत होता. मामा बाजूला बसून ओकत होता. मेजरनं स्वतःचा पट्टा काढून पोरीच्या मांडीवर आवळला. हात कोपरापर्यंत रक्तानं माखले.

मालक तिच्या कानाशी वाकला. "बाई, आता तोंड उघडायचं नाही. कागद आहे आपल्याकडे."

मेजरच्या डोक्यात तिडीक गेली. शेजारी पडलेलं हेल्मेट उचलून तिनं त्याच्या तोंडावर हाणलं. पुढचे दोन दात सिमेंटवर पडले. तिनं पुन्हा हाणलं. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा पायलटनं मागून तिला मिठी मारली.

दवाखान्यात बाप आला तो दुकानातला चामडी एप्रन घालूनच. पहिल्यांदा त्यानं मामाची मान पकडली आणि डोकं भिंतीवर आपटलं. मामा खाली घसरला.

"कुणी ढकललं माझ्या पोरीला?"

मामा काही बोलायच्या आत मेजर बाकावरून उठली. "मी."

बापानं कोपऱ्यातला सलाईनचा स्टँड उचलला. पहिला फटका तिच्या डाव्या खांद्यावर बसला, गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसरा तिनं दंडावर घेतला. तिसऱ्याला ती गुडघ्यावर आली. आयुष्यभर कुणाचा एक फटका तिनं उधार ठेवला नव्हता, पण त्या दिवशी तिचा हात वर गेलाच नाही. चौघांनी मिळून बापाला मागे ओढलं, तरी तो लाथा झाडत होता. लाथा झाडता झाडताच तो रडायला लागला.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मेजर म्हणाली, "माझी काही तक्रार नाही. त्याची पोरगी आत आहे."

खटल्याच्या आधी मालक तिच्या खोलीवर आला. बरोबर पायलटचा भाऊ. मेजरचा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि उजव्या हातानं ती उकळता चहा ढवळत होती.

"कोर्टात एवढंच म्हणा, पोरीनं आपणहून हात सोडले," मालक म्हणाला. दात गेल्यामुळे त्याचे शब्द फुसफुसत होते. "बाकीचं कागद बघून घेईल. तुम्हीही सुटाल, मीही."

"निघा."

मालकानं डोळ्यांनी खूण केली. पायलटच्या भावानं तिचा प्लास्टरचा हात धरून पिरगळला. मेजरच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं कपाळ त्याच्या नाकावर आदळलं, आणि तो मागे सरताच उकळतं पातेलं दोघांच्या दिशेनं भिरकावलं. मालकाचं मानेपासून छातीपर्यंत भाजलं. जिन्यावरून दोघं कसे उतरले, ते खालच्या मजल्यावरचे लोक पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगत होते.

कोर्टात मालकाच्या वकिलानं सहीचा कागद पुढे केला. न्यायाधीश बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला. "मामाचं सोडा, बापानं सही केली असती तरी पोरीच्या जिवाची जबाबदारी अशी झटकता येत नाही. अल्पवयीन मुलाचा हक्क त्याच्या वतीनं दुसरं कुणी सोडून देऊ शकत नाही."

मग मेजर पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, ठोसेही आणि बोटही. "तेच बोट मोडलं होतं म्हणून तिला दोरी ओढता आली नाही."

वकील खूश झाला. "म्हणजे अपघाताला जबाबदार तुम्ही?"

"हो. मीही."

"आत का नाही घेतलं तिला?"

"घेता येत नाही. अन् ते माहीत असताना मी त्या वयाच्या पोरीला दारापर्यंत नेलं. तिथंच चुकलं. दांड्यावर गेल्यावर दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं."

बाप पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली.

मालकाला तुरुंगवास झाला आणि केंद्राला टाळं लागलं. मामा दंडावर सुटला. मेजरचा परवाना काही वर्षांसाठी गेला.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बबडी तिच्या वाटेत उभी होती. दोन्ही काखांत कुबड्या. बाप दोन पायऱ्या खाली.

"तुम्ही खोटं बोललात," बबडी म्हणाली.

मेजर थांबली. "काय खोटं बोलले?"

"मी सोडणार होते हात! मला थोडा वेळ हवा होता, बस्स. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की मला ढकलावं लागलं. आता जो तो तेच म्हणतोय. माझी उडी होती ती! माझी!"

शेवटचा शब्द उच्चारतानाच तिनं एक कुबडी उचलून मेजरच्या तोंडावर फेकली. मेजरची भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. बबडीचा तोल गेला. बापानं धावत येऊन तिला सावरलं. ती त्याच्याही छातीवर बुक्क्या मारत होती आणि तो मारू देत होता.

मेजरनं बाहीनं डोळा पुसला, कुबडी उचलली आणि बापाच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, पण वाट सोडली नाही.

"खरंच सोडणार होती का ही?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही," मेजर म्हणाली. "मी थांबले नाही."

बबडीचे हात थांबले. ती बापाच्या शर्टात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. मेजर रेलिंगला धरून पायऱ्या उतरली.

नंतर ती ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात लागली. जाड सुई ओढताना गळ्याजवळचं वाकडं जुळलेलं हाड ठणकायचं. परवाना परत मिळाल्यावर दुसऱ्या एका केंद्रानं बोलावलं. तिनं पहिला प्रश्न वयाचा विचारला. तिथला माणूस म्हणाला, "सोळाला घेतो आम्ही, आईबाप दोघांची सही घेऊन." ती चहा अर्धा टाकून उठली आणि ताडपत्र्यांकडे परत आली.

एकदा कारखान्यात माल न्यायला मामाचा टेम्पो आला. मामा तिला बघून आधी दचकला, मग उसनं हसला. पोरीचं काय चाललंय, हे मेजरनं विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. बबडी लंगडते, पण आता बापाच्या दुकानात वेल्डिंग करते. मधलं बोट सरळ होत नाही, तरी काम बापाहून साफ आहे. आणि गिऱ्हाइकानं घासाघीस केली की अशा शिव्या घालते, की बाप कानावर हात ठेवून मागच्या खोलीत निघून जातो.

मेजर हसली. मग टेम्पोत ताडपत्री चढवायला तिनं मामाच्या जोडीला उजवा खांदा लावला.